हुसेनभाईंचा कान

हुसेनभाई, तुम्ही गेल्याची बातमी वर्कशॉपमध्ये मीच सांगितली. सगळ्यांचे हात थांबले. तुमच्या बाकावर आता जो बसतो त्या माजिदनं कंप्रेसर बंद केला. आणि मग जो तो एकच बोलायला लागला, काय कान होता माणसाचा. आपला दुसरा मिस्त्री बेनी तर म्हणाला, हुसेन बंद गाडीतलाही आवाज ऐकायचा. मी नुसती मान हलवत होतो. माणूस गेला की त्याच्याबद्दल चांगलं बोलावं, हे मला मान्य आहे. पण नेमकं जे नव्हतं त्याचंच कौतुक चाललं होतं, आणि त्यात बोलायची मला सोय नव्हती. तुम्हाला ऐकू येत नव्हतं, हे सौदीतल्या ह्या हुफूफमध्ये दोघांनाच ठाऊक होतं. त्यातला एक मी. दुसऱ्याला ते कसं कळलं, तेवढं तुम्हाला सांगायला आज बसलोय.

मी चिपळूणहून इथं आलो तेव्हा मला काउंटरवर बसवलं होतं. काम सोपं होतं. गिऱ्हाईक मोटारसायकल घेऊन येणार, तिचं काय दुखतंय ते सांगणार, मी जॉबकार्डावर लिहून कार्ड आत पाठवणार. पहिल्याच आठवड्यात तुम्ही एक कार्ड परत पाठवलंत. मागच्या बाजूला मराठीत लिही, असा निरोप. मी चिडलो. अरबीत ऐकायचं, इंग्रजीत लिहायचं, आणि वर ह्यांच्यासाठी मराठीत उतरवायचं. श्रीवर्धनचा माणूस चिपळूणचा माणूस बघून लाड करून घेतोय, असं मला वाटलं. तरी लिहायला लागलो, कारण तुम्ही वयानं मोठे होतात आणि तुमच्या डब्यात रोज मासळी असायची.

पण नुसतं लिहून भागायचं नाही. गिऱ्हाइकाला विचारलं, काय होतंय, तर तो म्हणणार, 'सौत.' आवाज आहे. खलास, विषय संपला. तुम्हाला तेवढं पुरायचं नाही. टकटक की ठकठक? गार असताना की तापल्यावर? टकटक म्हणजे व्हॉल्व्ह, ठकठक म्हणजे पिस्टन, आणि ढकढक म्हणजे खालचा क्रँक, मग अल्लाचं नाव घ्यायचं, हे तुम्हीच मला शिकवलंत. मग मी गिऱ्हाइकांकडून तोंडानं आवाज काढून घ्यायला लागलो. पांढऱ्याशुभ्र, पायघोळ तोबमधले चांगले रुबाबदार लोक माझ्यासमोर ओठ मुडपून 'डग डग डग' करायचे, आणि मी शाळामास्तरासारखा म्हणायचो, आणखी एकदा. त्यावरून आपण दोघं जेवताना किती हसलोय.

कार्ड वाचून झालं की तुम्ही गाडी चालू करायचात आणि तो हातभर लांबीचा, लाकडी मुठीचा स्क्रू-ड्रायव्हर काढायचात. दुसरे मिस्त्री त्याची मूठ कानाला लावतात. तुम्ही ती दातांत धरायचात, टोक इंजिनावर टेकवायचात आणि डोळे मिटून घ्यायचात. आधी वर हेडला, मग सिलिंडरला, मग खाली क्रँककेसला, शेवटी फ्रेमला. गिऱ्हाइकं मोबाइलवर त्याचे व्हिडिओ काढायची. मला तो तुमचा नखरा वाटायचा. एकदा तसं म्हणालोही, तर तुम्ही हसलात. तेव्हा मी तुमच्या पाठीमागून बोललो असतो तर तुम्ही हसला नसतात, हे कळायला मला चार वर्षं लागली.

चौथ्या वर्षी कंप्रेसरचा पाइप तुमच्या पाठीमागे फुटला. बेनीच्या हातून पाना पडला, मी स्टुलावरून उठलो, शेजारच्या टायरवाल्याकडची माणसं धावत आली. तुम्ही कार्बोरेटरची सुई पुसत होतात, ती पुसतच राहिलात. मग आमची तोंडं बघितलीत आणि दचकलात. ते उशिरा दचकणं फक्त माझ्याच लक्षात आलं, आणि माझ्या लक्षात आलंय हे तुमच्या.

दुपारच्या, जुहरच्या नमाजनंतर तुम्ही मला जुन्या टायरांच्या थप्पीमागे घेऊन गेलात. "अनंता, डावा कवाच गेला," म्हणालात. "उजव्यात थोडा हाय, तो पण भोंग्यापुरता. दातांतनं हाडात उतरतो तेवढाच आता माझा आवाज. कुणाला बोलू नको." मी आईची शपथ घ्यायला लागलो. तुम्ही माझा हात खाली केलात. "शपथ नको. नुसता गप बस."

मग मला सगळं दिसायला लागलं. बोलणाऱ्याच्या ओठांकडे बघणं, गर्दीत भिंतीला पाठ लावून उभं राहणं, प्रश्न नीट पोहोचला नाही की 'इन्शाल्ला' म्हणून वेळ मारून नेणं. मी बरोबर असलो की गिऱ्हाइकाचा प्रश्न मी जरा वळवून पुन्हा विचारायचो, म्हणजे तुम्हाला माझ्या ओठांवर वाचता यायचा. कुणी आपल्याला तसं ठरवून दिलं नव्हतं. नवराबायकोचं जसं बसतं तसं ते बसत गेलं.

भांडण एकाच गोष्टीवरून व्हायचं. मी म्हणायचो, कानाचं मशीन घ्या, तुम्ही म्हणायचात, नको. मशीन दिसलं की इकाम्यावर, म्हणजे इथं राहायच्या परवान्यावर, 'मेकॅनिक' लिहिलेला माणूस विमानात बसलाच म्हणून समज, हे तुमचं म्हणणं. मी म्हणायचो, आता केसांत लपेल एवढी बारीक मिळतात. तुम्ही टकलावरून हात फिरवून दाखवायचात. एकदा तर म्हणालात, मशीन लावलं तर सगळंच ऐकू येईल, तुझी बायको फोनवर तुला काय काय बोलते तेही. हसण्यावारी न्यायचात, पण आत भीती होती, ती मला दिसायची. रुबिनाची फार्मसीची दोन वर्षं राहिली होती. पोरगी माणगावला शिकतेय, तिचं होईपर्यंत मला इथं राहू दे, एवढंच तुमचं मागणं होतं. त्याच्यापुढे माझं शहाणपण टिकायचं नाही.

रमजानचा महिना मात्र आपल्याला जड जायचा. रोजा असताना तेलकट मूठ दातांत धरायची नाही, हा तुमचा नेम. कोणी म्हणालं असतं, मिया, गिळलं नाही तर रोजा कशाला तुटतोय. तुम्हाला ते पटलं नसतं. तेलाची चव जिभेला लागते म्हणजे लागते, म्हणायचात. म्हणून रमजानात मी आवाजाच्या गाड्या संध्याकाळवर टाकायचो. गिऱ्हाइकाला सांगायचो, इंजिन गार व्हायला हवं, इफ्तारनंतर या. तुम्ही खजूर खायचात, पाणी प्यायचात, मगरीबची नमाज पढायचात, आणि मग कुठे स्क्रू-ड्रायव्हर दातांत जायचा. इतकी वर्षं त्या महिन्यात एकही गाडी चुकली नाही.

मग सौदीकरणाचे दिवस आले. काउंटरवर सौदी माणूसच हवा असं ठरलं आणि माझी खुर्ची मागे स्टोअरमध्ये गेली. त्यात रागवायचं काही नव्हतं. त्यांचा देश, त्यांची मुलं, त्यांना काम नको का. आपल्या गावात आपणही हेच म्हटलं असतं. पण गिऱ्हाईक आणि तुम्ही यांच्यामध्ये मी बसत होतो, तो तिथून उठलो. कार्डाच्या मागची मराठी बंद झाली. तेवढ्यात कफील, म्हणजे आपले मालक, थकले आणि वर्कशॉप त्यांचा मुलगा नासिर बघायला लागला. मुदीर, म्हणजे मॅनेजर म्हणून तो वाईट नव्हता. आत दोन सौदी मिस्त्री घ्यायचे होते, त्यातला माजिद आलाही होता. दुसरा आला की तुम्ही किंवा बेनी, दोघांतला एक जाणार, हे भिंतींनासुद्धा ठाऊक होतं. तुमचा इकामा दोन महिन्यांत संपत होता.

अशा वेळी रमजानातल्या एका दुपारी नासिर स्वतःची मोटारसायकल घेऊन आला. मोठी, दणकट गाडी. तापली आणि चढाला लागली की आतून कोणीतरी दार ठोठावल्यासारखा आवाज येतो, म्हणाला. दोन वर्कशॉपांत दाखवून झालं होतं. मी स्टोअरमधून बाहेर येऊन म्हटलं, संध्याकाळी बघू, इफ्तारनंतर. नासिर म्हणाला, संध्याकाळी मला रियाधला निघायचंय, आत्ताच बघा. तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मी तुमच्याकडे. स्क्रू-ड्रायव्हर बाकावर होता. तुम्ही तो उचललात आणि कानाला लावलात.

त्या कानात काय पोहोचणार होतं? मग तुम्ही तळवा क्रँककेसवर ठेवलात, बराच वेळ ठेवलात. हाताला धक्के लागत होते, आणि ते खालूनच आल्यासारखे वाटत होते. तुम्ही म्हणालात, क्रँकचं बेअरिंग गेलंय, इंजिन खोलावं लागेल. नासिर गाडी तिथंच ठेवून दुसऱ्या वाहनानं रियाधला गेला.

तुम्ही आणि माजिदनं दोन दिवस खपून इंजिन उतरवलं आणि खोललं. बेअरिंग नव्यासारखं होतं. दोघांनी पुन्हा सगळं बसवलं, आणि बसवताना माजिदला दिसलं की इंजिन फ्रेमला धरून ठेवणाऱ्या पुढच्या बोल्टचं भोक घासून लांबट झालंय. बोल्ट ढिला होता. तापलं की इंजिन फ्रेमवर आपटायचं, तेच ते दार ठोठावणं. माजिदनं त्या भोकात नवीन बुश घातला, बोल्ट आवळला, आवाज गेला. स्क्रू-ड्रायव्हर दातांत असता तर फ्रेमला टोक टेकवताच तुम्हाला कळलं असतं. दोन मिनिटांचं काम होतं.

नासिर परत आला तेव्हा गाडी गप्प चालत होती. तुम्ही काही बोलला नसतात तरी चाललं असतं. बेअरिंग बदललं म्हणाला असतात तर त्यानं पाठ थोपटली असती, माजिदही बोलणारा नव्हता. पण तुम्ही त्याच्या ऑफिसात गेलात आणि सांगितलंत, माझं चुकलं, इंजिन उगाच खोललं, खरा दोष माजिदनं शोधला. बाहेर आलात ते चेहरा पाडून. म्हणालात, "खलास, अनंता. आता मना ठेवत नाय."

मला ते सहन झालं नाही. एवढा हुन्नरी माणूस एका बोल्टापायी जातो, हे डोक्यातून जाईना. दुसऱ्या दिवशी मी रात्रभर जुळवलेलं भाषण घेऊन नासिरपुढे उभा राहिलो. अर्धं अरबी, अर्धं इंग्रजी. साहेब, हुसेन चुकला नाही, म्हटलं. त्याला कानांनी ऐकू येत नाही, तो दातांनी ऐकतो, आणि रोजा होता म्हणून त्यानं स्क्रू-ड्रायव्हर तोंडात घातला नाही. रोजा सुटेपर्यंत थांबला असतात तर त्यानं दोन मिनिटांत सांगितलं असतं. मला वाटलं, सौदी माणूस आहे, रोजा पाळणाऱ्याची कदर करील. मी किती छान बोललो असं मला वाटत होतं, हुसेनभाई. खरंच वाटत होतं.

नासिरनं समोरचा कागद माझ्याकडे फिरवला. तुमच्या इकाम्याच्या नूतनीकरणाचा होता, सही झालेला. "काल स्वतः येऊन चूक सांगून गेला, असा माणूस मी सोडणार नव्हतो," तो म्हणाला. "पण आता तू हे सांगितलंस. इथं दिवसभर गाड्या मागेपुढे होतात. उद्या पाठीमागून एखादी आली आणि त्याला ऐकू आली नाही, तर मी त्याच्या मुलांना काय सांगू?" त्यानं कागद ड्रॉवरमध्ये ठेवला.

मी हातापाया पडलो. काहीही उपयोग झाला नाही. आणि नासिरचं चुकलं असंही मला म्हणता येत नाही. त्यानं तुमची झाकली मूठ झाकलेलीच ठेवली. तुम्हाला बोलावून एवढंच सांगितलं की दुसरा सौदी मिस्त्री येतोय, नियमापुढे इलाज नाही. लोक म्हणाले, सौदीकरणानं घालवलं बिचाऱ्याला. तुम्ही म्हणत राहिलात, माझी चूक भोवली. मी दोन्हीकडे हो म्हणत राहिलो. शपथ नको, नुसता गप बस, एवढंच तुम्ही माझ्याकडे मागितलं होतं.

दम्मामच्या विमानतळावर तुम्हाला मीच सोडलं. वाटेत सांगायचं ठरवलं होतं. पण तुम्हाला सांगायचं म्हणजे तोंड तुमच्याकडे करायला हवं, आणि मी गाडी चालवत होतो. किती बरं वाटलं मला त्या रस्त्याचं. समोर बघत राहिलो. आत जाताना तुम्ही माझा हात धरलात आणि म्हणालात, "तू माझ्यासाठी नासिरकडं गेला होतास, मना माजिद बोलला. एवढा कोण कुणासाठी करतो?" मी तुमची बॅग ट्रॉलीवर नीट करत बसलो.

त्यानंतरचे आपले पहिले एक-दोन फोन म्हणजे एक नमुनाच. तुम्ही तुमचं बोलायचात, मी माझं, आणि दोघं खूश. बकरी ईदला मी फोन केला. मुबारक झालं, घरच्यांचं झालं, आणि मग मी एका दमात सगळं बोलून टाकलं. नासिर, कागद, सही, ड्रॉवर, सगळं. चूक तुमची नव्हती, तुम्हाला मी घालवलं, असंही म्हणालो. खोटं कशाला सांगू, तुम्हाला ऐकू येणार नाही ह्या भरवशावरच बोललो. म्हणजे सांगितल्याचं पुण्य पदरात, आणि तुमचा चेहरा बघायचा त्रास नाही. तुमच्याकडून काही वेळ काही आलं नाही. मग म्हणालात, "इकडं पाऊस चांगला लागलाय. लावणी उरकली. तू कवा येतोस?" मी हसलो. नेहमीचे हुसेनभाई, म्हटलं. माझी छाती हलकी झाली होती. व्हॉट्सॲपवर मराठीत चार ओळी लिहिल्या असत्या तर तुम्ही वाचल्या असत्या, माझं अक्षर न् अक्षर तुम्ही वर्षानुवर्षं वाचलेलं होतं. पण मी लिहिलं नाही. पुढच्या प्रत्येक फोनला तुम्ही तेच विचारलंत, कवा येतोस, आणि मी म्हणालो, बघू, सुट्टी मिळाली की.

सुट्टी मिळाली, हुसेनभाई. डिसेंबरात तीन आठवडे मी चिपळूणला होतो. तुमच्या गावापासून साडेतीन तासांवर. बायको दोनदा म्हणाली, त्यांना भेटून या. घरात काम काढलं, रंग काढला, पोराचा वाढदिवस काढला. समोर बसलो असतो तर तुम्ही माझ्या ओठांकडे बघितलं असतं, आणि तिथं मला खोटं बोलता येत नाही. तुम्हाला न सांगताच परत आलो.

रुबिनाचा फोन आला त्याला आज पाच दिवस झाले. सकाळी उठलेच नाहीत, म्हणाली. मी काहीबाही बोललो. त्यातच म्हटलं, फोनवर त्यांना धड ऐकू यायचं नाही, नाहीतर किती बोलायचं होतं. ती म्हणाली, "नाही काका, आल्यावर पंधरा दिवसांतच मशीन घेतलं होतं ना त्यांनी. आता इथं कुणापासून लपवायचं, म्हणाले. फोनवर तर अगदी स्वच्छ ऐकायचे."

पंधरा दिवसांत. म्हणजे बकरी ईदच्या आधीच.

पुढे ती काय बोलली त्यातलं बरंचसं मी ऐकलं नाही. शेवटचं तेवढं ऐकलं. डिसेंबरात तुम्ही माझ्या पोराच्या वाढदिवसाचा फोटो व्हॉट्सॲप स्टेटसला बघितलात आणि मी चिपळूणला आल्याचं तुम्हाला कळलं. तेव्हापासून रोज सकाळी अंगणात खुर्ची टाकून बसायचात. दोनदा सुरमई आणवलीत, बायकोला सांगितलंत, हुफूफचा माणूस येतोय. रुबिना म्हणाली, मी त्यांना म्हणत होते, फोन करून बोलवा की काकांना. तर म्हणायचे, त्याला आपणहून येऊ दे.

माफ केलंत की नाही, ते मला कधीच कळणार नाही. मला एवढंच कळलं की सगळं ऐकून, सगळं ठाऊक असून, तुम्ही तीन आठवडे माझी वाट बघत बसला होतात. आणि मी चिपळुणात भिंतींना रंग देत होतो.